चौथी खिंड

अर्नेस्ट शॅकल्टन याचा जन्म १५ फेब्रुवारी १८७४ रोजी आयर्लंडमधील किल्केआ या गावी झाला. तो दहा वर्षांचा असताना त्याचे कुटुंब लंडनमध्ये येऊन राहिले. वडील डॉक्टर होते. मुलानेही आपलाच व्यवसाय करावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु अर्नेस्टचे मन समुद्राकडे ओढ घेत होते. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो एका शिडाच्या व्यापारी जहाजावर नोकरीस लागला.

१९०१ मध्ये कॅप्टन स्कॉट याच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत त्याला प्रवेश मिळाला. परंतु तेथे तो आजारी पडला आणि १९०३ मध्ये त्याला स्वदेशी परतावे लागले. हे शल्य त्याच्या मनात सलत राहिले. १९०७ मध्ये स्वतःची मोहीम उभारून तो पुन्हा दक्षिणेकडे निघाला. ९ जानेवारी १९०९ रोजी तो ध्रुवापासून केवळ १८० किलोमीटरांवर येऊन पोहोचला. तोपर्यंत एवढ्या दक्षिणेस कोणीही गेले नव्हते. परंतु जवळचे अन्न संपत आले होते. ध्रुव गाठता आला असता, मात्र सोबती जिवंत परतले नसते, हे शॅकल्टनने ओळखले आणि तो मागे फिरला. पुढे १९११ मध्ये ध्रुवावर प्रथम पाऊल ठेवण्याचा मान अमुंडसेन याने मिळविला.

आता शॅकल्टनने अंटार्क्टिका खंड पायी ओलांडण्याचा संकल्प केला. डिसेंबर १९१४ मध्ये ‘एन्ड्युरन्स’ हे त्याचे जहाज दक्षिण जॉर्जिया बेटावरून निघाले. जहाजावर एकूण २८ माणसे होती. जानेवारी १९१५ मध्ये जहाज बर्फात अडकले आणि त्या दाबाने चिरडून नोव्हेंबरमध्ये बुडाले. पुढे कित्येक महिने त्या माणसांनी तरंगत्या बर्फावर तंबू ठोकून काढले. एप्रिल १९१६ मध्ये तीन लहान नावांतून ती सर्व एलिफंट नावाच्या निर्जन बेटावर पोहोचली. परंतु त्या वाटेने एकही जहाज जात नसे. मदत आणायची, तर कोणीतरी गेलेच पाहिजे होते. २२ जणांना तेथे ठेवून शॅकल्टन पाच सोबत्यांसह एका नावेतून निघाला आणि सुमारे १,३०० किलोमीटरांचा खवळलेला समुद्र ओलांडून १० मे रोजी दक्षिण जॉर्जियाच्या किनाऱ्यास लागला.

परंतु दैवाने येथेही त्याची परीक्षा पाहिली. देवमाशांची शिकार करणाऱ्यांचे तळ बेटाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर होते. नाव मोडकळीस आली होती. तिच्यातून वळसा घालून जाणे शक्य नव्हते. मध्ये बर्फाच्छादित पर्वतांच्या रांगा होत्या. नकाशात केवळ किनाऱ्याची रेषा दाखविलेली होती. आतला भाग कोरा होता. शिवाय दक्षिण गोलार्धात ऋतू आपल्याकडच्या उलट असतात. त्यामुळे मे महिना म्हणजे तेथे हिवाळ्याचा प्रारंभच होय.

१९ मे रोजी पहाटे, चंद्रप्रकाशात, शॅकल्टन, वर्स्ली आणि क्रीन असे तिघे निघाले. बाकीचे तिघे मागे राहिले. जवळ सुमारे पंधरा मीटर दोर, सुताराचा वाकस, स्टोव्ह, होकायंत्र आणि तीन दिवसांचे अन्न होते. बर्फावर पाय घसरू नये म्हणून त्यांनी नावेचे स्क्रू बुटांच्या तळव्यांतून ठोकून घेतले होते. ओझे हलके राहावे म्हणून त्यांनी तंबू किंवा पांघरूण घेतले नव्हते. त्यामुळे वाटेत रात्रभर थांबणे म्हणजे मृत्यूच होता.

आरंभीच धुक्याने त्यांना फसविले. खाली गोठलेले सरोवर आहे असे समजून ते उतरू लागले. पण तो समुद्राचा फाटा निघाला. किनाऱ्याने पुढे वाट नव्हती. उतरलेला चढ पुन्हा चढणे भाग पडले.

पुढे एक पर्वतरांग आडवी आली. तिच्यावर हाताच्या बोटांसारखे पाच सुळके उभे होते आणि त्यांच्यामध्ये चार खिंडी होत्या. कोणत्या खिंडीतून सुरक्षित वाट आहे हे खालून कळणे शक्य नव्हते. तिघे प्रथम उजवीकडच्या खिंडीत चढले. पलीकडे खोल कडा तुटलेला होता. ते मागे फिरले. दुसऱ्या व तिसऱ्या खिंडीतही तेच घडले. प्रत्येक वेळी कष्टाने मिळविलेली उंची सोडून द्यावी लागत होती. शरीर थकले असता, येथूनच कसेबसे उतरावे, असा मोह होणे स्वाभाविक होते; पण शॅकल्टनने तो मोह आवरला. चौथ्या खिंडीत ते पोहोचले, तेव्हा दिवस मावळत होता आणि पाठीमागून धुके वर येत होते. पुढे तीव्र उताराचे बर्फ होते. पण कडा दिसत नव्हता. प्रथम वाकसाने पायऱ्या खोदून ते उतरू लागले. परंतु या गतीने रात्र तेथेच होणार होती. तेव्हा दोराची वेटोळी करून तिघे एकामागे एक तीवर बसले, एकमेकांना घट्ट धरले आणि घसरत खाली आले. काही क्षणांतच ते सुखरूप तळाशी पोहोचले.

रात्री ते पुन्हा चुकले. खाली स्ट्रोमनेसचा उपसागर दिसतो आहे असे वाटून ते बरेच उतरले. तोच बर्फात भेगा दिसू लागल्या. भेगा म्हणजे हिमनदी, आणि स्ट्रोमनेसला हिमनदी नाही हे त्यांना ठाऊक होते. क्षणाचाही हट्ट न धरता ते परत चढले. एकदा दमून बसताच दोघे सोबती झोपी गेले. आपणही झोपलो तर तिघेही उठणार नाही, हे जाणून शॅकल्टन जागा राहिला. पाच मिनिटांनी त्यांना उठवून त्याने अर्धा तास झाल्याचे सांगितले. सकाळी सात वाजता दूरवरून तळावरचा भोंगा ऐकू आला. ते योग्य दिशेने चालले होते!

सुमारे ३६ तासांच्या वाटचालीनंतर, २० मे रोजी दुपारी, तिघे स्ट्रोमनेस येथे पोहोचले. त्यांची काजळलेली मुद्रा पाहून ओळखीच्या माणसांनीही त्यांना ओळखले नाही. मागे राहिलेल्या तिघांना लगेच आणण्यात आले. एलिफंट बेटाकडे जाण्याचे तीन प्रयत्न बर्फामुळे फसले. चौथ्या खेपेस, ३० ऑगस्ट १९१६ रोजी, चिली देशाच्या ‘येल्चो’ जहाजाने ते २२ जण सोडविले. २८ माणसांपैकी एकही दगावला नाही. मोहिमेच्या दुसऱ्या तुकडीतील तिघे मात्र अंटार्क्टिकाच्या पलीकडच्या बाजूस मरण पावले.

५ जानेवारी १९२२ रोजी, नव्या मोहिमेवर असताना, शॅकल्टनला दक्षिण जॉर्जियातच मृत्यू आला आणि तेथेच त्याचे दफन झाले. त्याने ध्रुव गाठला नाही, की खंडही ओलांडला नाही. परंतु चूक ध्यानी येताच परतण्याचे धैर्य त्याच्या ठायी होते, आणि परतल्यावर पुढची खिंड चढण्याचे बळही होते. या दोन गुणांमुळेच त्याच्या भरवशावर राहिलेली माणसे आपापल्या घरी पोहोचली.