भास्कराचार्यांचा त्रिकोण

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. सह्याद्रीच्या कुशीतले विज्जलविड हे आपले गाव, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. विद्या घरचीच, वडील महेश्वर यांच्याकडून मिळालेली. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडून तिचा मुहूर्त हुकला, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. ती सांगितली फैजीने, १५८७च्या फारसी भाषांतरात, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनी! आम्हाला त्या गोष्टीपेक्षा पुस्तकातला एक त्रिकोण मोलाचा वाटतो.

आदिलाबादेत आपली मुले कोणी मराठीतून, कोणी तेलुगूतून शिकतात. संख्यारेषा आली की दोघेही एकाच जागी अडतात. शून्य म्हणजे काहीच नाही, मग त्याहूनही सहा कमी ते कसे? शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, ऋण. ऋण म्हणजे कर्ज, हा हिशेब ब्रह्मगुप्ताने पाच शतके आधी सांगितला होता. पण कर्ज रेघेवर कुठे दाखवायचे?

लीलावतीतल्या त्या त्रिकोणाचा पाया ९, बाकी बाजू १० आणि १७. शेंड्यावरून लंब सोडला, तर पायाचे दोन भाग किती? गणित केले की एक भाग १५ येतो आणि दुसरा उणे ६. नवाच्या पायात पंधरा मावणार कसे? दुसरा कोणी असता तर उत्तर चुकले म्हणून पुसून टाकले असते. आचार्यांनी तसे केले नाही. लंब पायाच्या बाहेर पडतो, म्हणून तो भाग उलट दिशेने मोजायचा, असा अर्थ त्यांनी लावला.

मुलांकडून हे चौकटीच्या कागदावर काढून घ्यावे. पायाच्या डाव्या टोकाला ० मांडा, उजव्या टोकाला ९. रेघ डावीकडे लांबवून उणे ६ वर उभे राहा आणि ८ घरे वर चढा. तो शेंडा. तिथून ० पर्यंत अंतर १०, ९ पर्यंत १७. आचार्यांनी आलेख काढला असे आमचे म्हणणे नाही. ती रीत देकार्तच्या १६३७च्या ग्रंथानंतर रुजली. दिशेचा अर्थ मात्र इथे स्पष्ट आहे.

गंमत म्हणजे बीजगणितातल्या वानरांच्या उदाहरणात त्यांनी उलट निर्णय दिला. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला, तेवढी वानरे गुहेत गेली, एक उरले. उत्तरे ५० आणि ५. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की ऋण येते. म्हणून त्यांनी ५ नाकारले. वानरांना उलटी दिशा कुठून असणार?

११८३ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. नातू चांगदेव यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ काढला. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख बहुतांश संस्कृतात आहे. मठाला मिळालेल्या देणग्यांचा तपशील मात्र जुन्या मराठीत कोरलेला आहे.