महाभारताचे संशोधक डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर

श्रीव्यास सांगत आहेत आणि श्रीगणेश महाभारत लिहून घेत आहे, हें चित्र आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. ही कथा मूळ ग्रंथांतील नव्हे, ती मागाहून शिरली, असा निर्णय ज्या विद्वानानें दिला, त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

डॉ. सुखटणकर यांचा जन्म ता. ४ मे १८८७ रोजीं मुंबईस झाला. केंब्रिज येथें ते शिकले तें गणित! संस्कृताकडे ते मागाहून वळले व बर्लिन येथें ल्यूडर्स या पंडितांच्या हाताखालीं तयार झाले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस आरंभ केला होता. १९२५ सालीं तिचें मुख्य संपादकत्व त्यांजकडे आलें.

काम मोठें बिकट होतें. शारदा, बंगाली, नागरी, तेलुगु, ग्रंथ, मल्याळम् अशा नाना लिपींतील पोथ्या. एकीचा मेळ दुसरीशीं बसेना. चौकटी आखलेल्या कागदावर वर एक श्लोक लिहावयाचा आणि प्रत्येक पोथींतील फरक त्या त्या अक्षराखालीं मांडावयाचा. शुद्धलेखनाचें एक पान उतरून काढतांना कंटाळणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांनीं या श्रमांची कल्पना करावी! परस्परांशीं संबंध नसलेल्या दूरदूरच्या प्रांतांतील पोथ्या जेथें एकमुखानें साक्ष देतात, तेथें जुना पाठ सांपडतो, हा सुखटणकरांचा मुख्य नियम. गणेशाची कथा या कसोटीस उतरली नाहीं. ती लोकांस किती प्रिय आहे हें का त्यांस ठाऊक नव्हतें? तरीहि त्यांनीं ती मूळ संहितेंतून काढली. मात्र टाकून न देतां पुरवणींत छापली. आम्हांस त्यांची ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोठी वाटते.

आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें. पुढें नेपाळांतील एक फार जुनी पोथी हातीं आली, आणि सुखटणकरांनीं केवळ तर्कानें बसविलेले कित्येक पाठ तींत जसेच्या तसे निघाले!

आरण्यकपर्वहि त्यांनींच संपादिलें. सर्व अठरा पर्वें मात्र इतरांच्या हातून १९६६ सालीं पुरीं झालीं. आयुष्याच्या अखेरीस पाठभेद बाजूस ठेवून महाभारताचा अर्थ काय, या विषयावर त्यांनीं मुंबई विश्वविद्यालयासाठीं चार व्याख्यानें लिहिलीं. चवथें देण्यापूर्वींच, ता. २१ जानेवारी १९४३ रोजीं, त्यांस मृत्यूनें गांठलें. तें व्याख्यान इतर तिहींसह १९५७ सालीं छापून निघालें.