फिक्टे : कृतिशील आत्म्याचा तत्त्ववेत्ता

आधुनिक चिद्वादाच्या विकासात योहान गॉटलीप फिक्टे याला कांट आणि हेगेल यांच्यामधला दुवा एवढेच स्थान अनेकदा दिले जाते. त्याचा जीवनक्रम पाहता हे मूल्यमापन अपुरे ठरते.

१९ मे १७६२ रोजी सॅक्सनीतील रामेनाऊ या खेड्यात एका फीतविणकराच्या घरी त्याचा जन्म झाला. बुद्धिमत्ता हेरून एका सरदाराने त्याच्या शिक्षणाची सोय केली. परंतु हा आश्रय पुढे संपला आणि त्याला खासगी शिकवण्यांवर गुजराण करावी लागली. १७९० मध्ये लाइपझिग येथे एका विद्यार्थ्याला शिकविण्याच्या निमित्ताने त्याने कांटचे ग्रंथ वाचले. तोवर तो नियतिवादी होता. सर्वच घटना कारणशृंखलेने बद्ध असतील तर नैतिक जबाबदारीला अर्थ काय, या पेचातून कांटच्या नीतिमीमांसेने त्याला सोडविले. १७९२ मध्ये साक्षात्काराची चिकित्सा करणारे त्याचे पुस्तक निनावी प्रसिद्ध झाले. ते कांटचेच असावे असा समज पसरला; कांटने खुलासा करताच फिक्टे एकाएकी प्रसिद्धीस आला.

१७९४ मध्ये तो येना विद्यापीठात प्राध्यापक झाला. अनुभवापलीकडील अज्ञेय ‘स्वरूपवस्तू’ ही कल्पना त्याने त्याज्य ठरविली. कार्यकारणभाव अनुभवापुरताच मर्यादित असेल, तर अशी वस्तू संवेदनांचे कारण होऊ शकत नाही, ही अडचण त्यामागे होती. आत्मा हे द्रव्य नसून स्वतःला स्थापित करणारी कृती होय, असे त्याने प्रतिपादिले. मात्र याचा अर्थ व्यक्ती आपल्या लहरीनुसार जग निर्माण करते असा नव्हे. अनात्म्याच्या प्रतिरोधाशिवाय आत्म्याला स्वतःची जाणीवच होत नाही. जग हे कर्तव्याचे क्षेत्र म्हणून उभे राहते. होल्डरलिनने त्याची व्याख्याने ऐकली. नोव्हालिस आणि फ्रीड्रिख श्लेगेल यांनी त्याच्या विचाराशी झुंज घेतली. जर्मन स्वच्छंदतावादाची वैचारिक पार्श्वभूमी त्यामुळे फिक्टेला वगळून समजत नाही.

हा प्रतिरोध त्याच्या वाट्याला प्रत्यक्षातही आला. नैतिक विश्वव्यवस्था हाच ईश्वर, असे मांडणाऱ्या १७९८ मधील लेखामुळे त्याच्यावर नास्तिकतेचा आरोप झाला आणि १७९९ मध्ये त्याचे पद गेले. त्याच वर्षी कांटनेही त्याची दर्शनपद्धती जाहीरपणे नाकारली.

बर्लिनमध्ये, फ्रेंच सैन्याचा ताबा असताना, १८०७-०८ मध्ये त्याने जर्मन राष्ट्राला उद्देशून व्याख्याने दिली. सार्वत्रिक आत्म्याच्या स्वातंत्र्याचा विचार येथे एका भाषेच्या आणि राष्ट्राच्या कार्याशी बांधला गेला. पुढे आक्रमक राष्ट्रवाद्यांनी या व्याख्यानांचा आधार घेतला, तो याच संकोचामुळे शक्य झाला. १८१० मध्ये सुरू झालेल्या बर्लिन विद्यापीठाचा तो १८११ मध्ये निर्वाचित कुलगुरू झाला.

नेपोलियनविरोधी युद्धातील जखमींची शुश्रूषा करताना त्याची पत्नी योहाना हिला सांसर्गिक ज्वर जडला. ती बरी झाली. पण तिच्यापासून संसर्ग होऊन जानेवारी १८१४ मध्ये फिक्टेचे निधन झाले. १८३१ मध्ये हेगेलचे दफन त्याच्या शेजारीच झाले. कृतीलाच ज्ञानाचे अधिष्ठान मानण्याचा फिक्टेचा आग्रह मात्र हेगेलच्या दर्शनात पूर्णपणे विलीन झालेला नाही. तो स्वतंत्र अभ्यासाचाच विषय आहे.