जनरलसाहेबांची उधारी

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी, हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स अशी दोन छोटी गावे होती. आजूबाजूला फळबागा, कालव्याचे पाणी आणि नांदती घरे. १९४३ साली तिथल्या सुमारे दीड हजार माणसांच्या हाती सरकारी नोटिसा पडल्या. जागा लष्कराला हवी होती. कशासाठी, ते कुणी सांगेना. कित्येकांना जेमतेम महिन्याची मुदत मिळाली. मालक गेले, पण फळे झाडावरच होती. ती तोडायला सरकारने तुरुंगातले कैदी आणले.

या जागेवर शिक्कामोर्तब करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव लेस्ली ग्रोव्ह्ज. २०२३ सालच्या ‘ओपेनहायमर’ चित्रपटामुळे हा जाडजूड, करड्या आवाजाचा सेनाधिकारी आपल्याकडच्याही अनेकांना ठाऊक झाला आहे. चित्रपटात मुख्यतः दिसतात ती त्याची तीन वर्षे. त्याने मागे ठेवलेला हिशेब मात्र अजून चुकता व्हायचा आहे.

१७ ऑगस्ट १८९६ रोजी ऑल्बनी येथे त्याचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक होते, पुढे लष्करात पाद्री झाले. त्यामुळे पोराचे बालपण एका छावणीतून दुसऱ्या छावणीत गेले. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून १९१८ साली चौथ्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन तो इंजिनिअर दलात शिरला. १९३१ च्या भूकंपात निकाराग्वाची राजधानी मानाग्वा कोसळली, तेव्हा तिथला पाणीपुरवठा पुन्हा सुरू करण्यात त्याचा मोठा वाटा होता. १९४१ साली पेंटागॉनच्या अजस्र इमारतीचे काम त्याच्या देखरेखीखाली सुरू झाले आणि पुढे सुमारे सोळा महिन्यांत ते पुरेही झाले.

सप्टेंबर १९४२ मध्ये त्याला रणांगणावर जायचे होते. हाती आला तो मॅनहॅटन प्रकल्प. स्वारी हिरमुसली, पण कामाला लागली ती वाऱ्याच्या वेगाने. तांब्याचा तुटवडा होता, म्हणून विद्युतचुंबकांच्या वेटोळ्यांसाठी सरकारी खजिन्यातून चौदा हजार टनांहून अधिक चांदी उसनी आणली गेली. कचेरीतल्या तिजोरीत गोपनीय कागदांशेजारी तो चॉकलेटे ठेवी. आपण काय करतो आहोत, हे त्याने बायको-मुलीलासुद्धा कळू दिले नाही; ६ ऑगस्ट १९४५ रोजी जगाला कळले, तेव्हाच त्यांनाही कळले.

पैशाची गोष्टही अशीच. सुमारे दोन अब्ज डॉलर, आजच्या भावाने तीस अब्जांच्या वर, लष्कराच्या अंदाजपत्रकातल्या भलत्याच नावांखाली दडवून मंजूर झाले. ज्यांनी हात वर केले, त्यांतल्या बहुतेक लोकप्रतिनिधींना ते कशासाठी, याचा पत्ता नव्हता. चौकशीला निघालेल्या सिनेटर ट्रूमन यांनाही युद्धमंत्र्यांनी वाटेतच थांबवले. तेच ट्रूमन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

हॅनफर्डच्या बांधकामावर ऐन भरात सुमारे पंचेचाळीस हजार माणसे राबत होती. सप्टेंबर १९४४ मध्ये पहिली मोठी अणुभट्टी सुरू झाली. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमधले प्लुटोनियम इथलेच. प्लुटोनियम वेगळे काढल्यावर उरणारे जहाल आम्लयुक्त द्रावण कुठे ठेवायचे, हा प्रश्न होता. आम्ल पचवणारे स्टेनलेस स्टील युद्धकाळात दुर्मिळ. मग द्रावणात अल्कली मिसळायची, आम्ल मारायचे आणि काँक्रीटच्या भूमिगत टाक्यांना साध्या पोलादाचे अस्तर लावून त्यांत ते भरायचे, असा मार्ग निघाला. त्याने द्रावण वाढले आणि तळाशी चिकट गाळ बसला. त्या टाक्या काही दशकांसाठीच होत्या. पुढचे पुढे पाहू, असा तो मामला होता.

ग्रोव्ह्ज अगदीच बेफिकीर होता, असे म्हणता येणार नाही. कोलंबियातल्या सामन माशांना धक्का लागला तर सारा प्रदेश खवळेल हे त्याला पक्के ठाऊक होते, म्हणून युद्ध चालू असतानाच माशांवर किरणोत्सर्गाचा परिणाम तपासण्याचे गुप्त संशोधन सुरू झाले होते. आणखी एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. त्याच्या काळात तिथे तीनच अणुभट्ट्या होत्या. पुढे त्या नऊ झाल्या, आणि बहुतेक घाण शीतयुद्धाच्या चार दशकांतली आहे. हिटलरच्या आधी बॉम्ब बनवायची घाई एक वेळ समजू शकते; नंतर तीच सवय का सोडली नाही, याचे उत्तर मात्र ग्रोव्ह्जकडे मागण्यात अर्थ नाही.

१९४८ साली तो लष्करातून निवृत्त झाला, एका कंपनीत अधिकारी झाला, १९६२ साली त्याने आठवणींचे पुस्तक लिहिले आणि १३ जुलै १९७० रोजी हृदयविकाराने वारला. हॅनफर्डच्या टाक्या तेव्हा गळू लागल्याच होत्या.

१९८६ साली दडवलेले हजारो कागद बाहेर आले आणि वाऱ्यावर सोडलेल्या किरणोत्सर्गी आयोडिनची हकीकत शेजारच्या शेतकऱ्यांना समजली. १९८९ मध्ये केंद्राचे ऊर्जा खाते, पर्यावरण संस्था आणि वॉशिंग्टन राज्य यांच्यात साफसफाईचा करार झाला. १७७ टाक्या, त्यांत सुमारे एकवीस कोटी लिटर कचरा. ६७ टाक्या गळल्याचा संशय. पैसा दरवर्षी काँग्रेसने मंजूर करायचा, म्हणजे दरवर्षी रस्सीखेच आलीच. राज्य कोर्टात जाते, मुदती पुढे सरकतात. हॅनफर्डवर आता वर्षाला अडीच-तीन अब्ज डॉलर लागतात. २०१९ च्या सरकारी अंदाजानुसार उरलेल्या कामाचा खर्च ३२३ ते ६७७ अब्ज डॉलरच्या दरम्यान होता. एवढे अंतर असलेला अंदाज घरच्या कंत्राटदाराने दिला, तर आपण त्याला दारात उभे करणार नाही!

इतरत्र काम उरकलेही. कोलोराडोतला रॉकी फ्लॅट्सचा कारखाना २००५ मध्ये सात अब्जांत निस्तरला. मॅनहॅटन प्रकल्पाच्या काळातल्या लहानसहान कारखान्यांच्या, गोदामांच्या जागा साफ करण्याचे काम १९९७ साली काँग्रेसने ज्या खात्याकडे सोपवले, ते लष्कराचे इंजिनिअर दल, म्हणजे ग्रोव्ह्जचेच.

हॅनफर्डचा कचरा काचेत वितळवून बंद करणाऱ्या कारखान्याचे बांधकाम २००२ मध्ये सुरू झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी, तिथे पहिल्यांदा खरा कचरा काचेत मिसळला गेला. तोही कमी जहाल असलेला. जहाल गाळासाठीचा विभाग अजून बांधून व्हायचा आहे.