रेव्हरंड नारायण वामन टिळक

मधल्या सुटींत डबे उघडले म्हणजे आपल्या शाळेंत किती धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात, हें सहज ध्यानांत येतें. एकाच्या घरीं झुलेलालाचा चाळीस दिवसांचा चालिहा, दुसऱ्याच्या घरीं बुद्धवंदना, तिसऱ्याकडे रमजानचे रोजे, चौथ्याकडे आषाढीची एकादशी, तर पांचव्याकडे रविवारची उपासना. अशा ठिकाणीं एक सोबती दुसऱ्यास त्याच्या धर्माविषयीं विचारल्यावांचून कसा राहील? प्रश्न बहुधा साधा असतो व निव्वळ कुतूहलानें विचारलेला असतो. उत्तर देणें मात्र कठीण जातें. कोणी लाजून विषय बदलतो, कोणी चिडून भांडावयास उठतो, तर कोणी आपलेंच तेवढें खरें असें ठासून सांगूं लागतो. ह्या तिहींहून निराळी अशी एक वाट आहे. त्या वाटेनें चालणारा एक थोर पुरुष बाळपणीं आपल्या अगदीं शेजारच्या गांवीं शिकला, ही गोष्ट आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. ते पुरुष म्हणजे मराठीचे विख्यात कवि रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचें अल्प चरित्र येथें सांगावयाचें आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें एका चित्पावन ब्राह्मण कुळांत झाला. त्यांचे वडील वामनराव हे सरकारी नोकरींत असत. मातोश्री जानकीबाई ह्या भाविक व काव्याची आवड असलेल्या होत्या. मुलाच्या कोमल मनावर आईचाच ठसा अधिक उमटला. १८६९ पासून १८७३ पर्यंत नारायणाचें प्राथमिक शिक्षण कल्याण येथें झालें. तेव्हां उल्हासनगर हें नांवही कोणास माहीत नव्हतें. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती कल्याणच्या लष्करी छावणींत झाली आणि १९४९ सालीं तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. परंतु उल्हास नदी तीच होती. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलालेख असलेलें अंबरनाथचें शिवालय असेंच उभें होतें, आणि आगगाडीचा रस्ता कल्याणावरून बदलापुराकडे गेलेला होता. आपण ज्या स्टेशनावर रोज गाडी बदलतों, त्याच गांवीं ह्या कवीनें मुळाक्षरें गिरविलीं, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आईच्या मृत्यूनें घराचा ओलावा आटला. नारायणानें घर सोडून नाशिकची वाट धरली. तेथें गणेशशास्त्री लेले ह्या विद्वान गृहस्थांजवळ त्यानें संस्कृत काव्यांचें अध्ययन केलें व पुढें दोन वर्षें इंग्रजी शाळेंत काढलीं. सुमारें १८८० सालीं नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. ह्याच पुढें 'स्मृतिचित्रें' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक होत. संसार सुरू झाला, परंतु टिळकांचा पाय एका ठिकाणीं ठरेना. आज शिक्षक, उद्यां कीर्तनकार, परवां पंडितांच्या सभेंत वादविवाद करणारे, असे ते गांवोगांव हिंडले. नागपुराकडे असतां 'ऋषि' नांवाचें धार्मिक मासिकही त्यांनीं चालविलें. ह्या भटकंतीच्या मुळाशीं केवळ चंचलपणा नव्हता. आपला देश दैन्यांत कां पडला, जातिभेदानें माणूस माणसापासून दूर कां गेला, आणि ह्यावर उपाय करणारा धर्म कोणता, हे प्रश्न त्यांस स्वस्थ बसूं देत नव्हते. ईश्वर हा सर्वांचा पिता व मनुष्यें हीं परस्परांचीं भावंडें, हें ज्यांत खरोखर सांपडेल तोच धर्म आपला, अशी त्यांनीं मनाशीं कसोटी ठरविली होती.

१८९३ सालीं टिळक नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें चालले होते. डब्यांत एक युरोपियन गृहस्थ होते. त्यांनीं मोठ्या सभ्यतेनें टिळकांस जागा करून दिली. संस्कृत काव्यावरून बोलणें निघालें आणि हळूहळू धर्मावर आलें. त्या गृहस्थांनीं टिळकांच्या धर्माची निंदा केली नाहीं, कीं वादांत त्यांस हरविण्याचा हट्ट धरिला नाहीं. त्यांचें म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें, आणि दोन वर्षांच्या आंत आपण ख्रिस्ती व्हाल असें भाकीत करून नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातीं ठेवली. टिळकांनीं वाचावयाचें वचन दिलें व तें पाळलें. आरंभीं पुस्तकानें मन धरलें नाहीं. परंतु डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर तें त्यांच्यानें खालीं ठेववेना. ज्या प्रश्नांनीं त्यांस इतकीं वर्षें छळलें होतें, त्यांचीं उत्तरें येथें प्रेमाच्या शब्दांत दिलेलीं त्यांस आढळलीं. ज्यानें पुढें सहस्रावधि लोकांस आपला विश्वास समजावून सांगितला, त्या पुरुषास तो विश्वास प्रथम कसा भेटला, हें ह्यावरून दिसतें. एका प्रवाशानें दुसऱ्यास जागा दिली, त्याचें ऐकून घेतलें व विचार करण्यास मोकळें सोडलें.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळीं ह्या गोष्टीचा अर्थ काय होत असे, हें आज समजणें अवघड आहे. आप्तांनीं संबंध तोडला. जातीचीं दारें मिटलीं. पंक्ति, पाणवठा, देवघर हीं सारीं एका दिवसांत परकीं झालीं. सर्वांहून मोठा घाव लक्ष्मीबाईंवर पडला. ज्या पतीच्या आधारावर त्यांचें सारें जग उभें होतें, तोच जणूं दुसऱ्या जगांत निघून गेला. पदरीं दत्तू हा लहानगा मुलगा. नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणीं नातलगांच्या आश्रयानें त्यांनीं कशीं तरी वर्षें काढलीं. शोकानें त्यांची प्रकृति ढासळली.

येथें टिळकांच्या चरित्रांतील कठीण भाग येतो, आणि तो झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. सभेंतील पंडितांशीं बोलणें टिळकांस सोपें होतें. परंतु जें माणूस त्यांच्या सर्वांत जवळचें, त्यास आधीं विश्वासांत घेऊन मन उघडें करणें त्यांस साधलें नाहीं. निर्णय एकट्यानें झाला व दुःख दोघांनीं भोगलें. मात्र त्यानंतर त्यांनीं जें केलें, तें त्यांच्या थोरपणास शोभणारें आहे. दुसरा संसार मांडा, असें सुचविणाऱ्यांकडे त्यांनीं कान दिला नाहीं. ते पत्रें लिहीत राहिले व वाट पाहत राहिले. सुमारें पांच वर्षांनीं लक्ष्मीबाई अहमदनगरास परत आल्या, तेव्हां त्यांचें सोंवळें, त्यांचा वेगळा स्वयंपाक, त्यांचें वेगळें पाणी, हें सारें टिळकांनीं चालूं दिलें. माझा धर्म तुझा झालाच पाहिजे, असा आग्रह धरिला नाहीं. पुढें राहुरी येथें असतां लक्ष्मीबाईंनीं एकांतांत स्वतःच विचार केला. जातींचे भेद देवानें केले कीं माणसांनीं, ह्या प्रश्नाचें उत्तर त्यांस आपल्याच मनांत मिळालें. त्यांनीं सोंवळें सोडलें आणि १९०० सालीं आपण होऊन दीक्षा घेतली. पतीच्या शब्दांनीं जें झालें नव्हतें, तें त्याच्या धीरानें व रोजच्या वागणुकीनें झालें.

अहमदनगर ही टिळकांची कर्मभूमि ठरली. अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयानें त्यांनीं तेथें अध्यापन केलें, आणि पुढें त्यांस पाळकपद मिळालें. ख्रिस्ती मंडळींत वावरतांना त्यांस एक उणीव जाणवली. उपासनेंतील गीतें बहुतेक इंग्रजीवरून उतरविलेलीं, चालीही परक्या. गाणारा मराठी, ऐकणारा मराठी, परंतु गाणें मात्र कोणाचेंच नाहीं, अशी स्थिति. शेजारच्या हिंदु बांधवास तें ऐकून ख्रिस्त हा साहेबांचा देव आहे असें वाटलें, तर त्यांत त्याचा काय दोष? टिळकांनीं अभंग, ओवी, पद ह्या आपल्या जुन्या भांड्यांतच नवा विश्वास भरला. टाळ, मृदंग व वीणा घेऊन ते कीर्तनास उभे राहूं लागले. त्यांचीं गीतें मराठी ख्रिस्ती देवळांतून आजही गाइलीं जातात. आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशीं पोहोंचलों तो तुकारामाच्या अभंगांच्या पुलावरून, असें ते मोकळेपणानें सांगत. नवा धर्म घेतला म्हणून जुन्या संतांस नांवें ठेवावीं, हें त्यांस कधींच पटलें नाहीं. परधर्मीयास आपली श्रद्धा सांगावयाची तर त्याच्या मनांत जें पवित्र आहे त्यास धक्का न लावतां सांगावी, हा त्यांचा कित्ता होता.

शब्दांइतकेच त्यांचें घर बोलकें होतें. १९०७ सालीं जळगांव येथें कविसंमेलन भरलें. तेथें त्र्यंबक बापूजी ठोंबरे ह्या सतरा वर्षांच्या तरुणाची कविता टिळकांनीं ऐकली. हेच आपले बालकवि. पुढें ठोंबरे नगरास टिळकांच्या घरीं येऊन राहिले. टिळकांनीं त्यांस पुत्राप्रमाणें वागविलें, लक्ष्मीबाईंनीं आईची माया दिली. ह्या मायेच्या मोबदल्यांत धर्मांतराची अपेक्षा नव्हती. बालकवि १९१८ सालीं आगगाडीच्या अपघातांत वारले, ते अखेरपर्यंत आपल्या धर्मांतच होते. ज्या घरीं जेवतों-झोपतों त्या घरचा धर्म कसा आहे, हें ठोंबऱ्यांस कोणी व्याख्यान देऊन सांगण्याची गरजच उरली नसेल.

१९१२ पासून टिळक 'ज्ञानोदय' पत्राचा मराठी विभाग संपादीत होते. फुलें, मुलें व स्वदेश हे त्यांच्या काव्याचे आवडते विषय. म्हणूनच महाराष्ट्र त्यांस फुलामुलांचे कवि म्हणून ओळखतो. ख्रिस्ती झालेला मनुष्य देशास पारखा होतो, हा समज त्यांच्या स्वदेशप्रीतीनें खोटा ठरविला. १९१७ सालीं त्यांनीं मिशनच्या नोकरीचा त्याग केला, संन्यस्त वृत्ति धारण केली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त ह्या दरबारांत भावाभावांप्रमाणें बसावे, अशी त्यांची इच्छा होती. कित्येक ख्रिस्ती बांधवांस हें रुचलें नाहीं. जन्मभर हिंदूंस आपला विश्वास समजावणाऱ्या ह्या पुरुषास शेवटीं स्वधर्मीयांसही तो समजावून सांगावा लागला; आणि तेथेंही त्यांनीं मनांतील कडवटपणा शब्दांत येऊं दिला नाहीं.

प्रकृतीनें मात्र फार दिवस साथ दिली नाहीं. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळकांचें देहावसान झालें. ख्रिस्ताचें चरित्र ओवीबद्ध करण्यासाठीं त्यांनीं आरंभिलेला 'ख्रिस्तायन' ग्रंथ अपुरा राहिला होता. तो पुढें नेला लक्ष्मीबाईंनीं! ज्या विश्वासापायीं एके काळीं त्यांचा संसार मोडला होता, त्याच विश्वासाचें महाकाव्य त्यांनीं ओवी ओवीनें बहुतांशीं पुरें केलें. टिळकांच्या बोलण्यास ह्याहून मोठी साक्ष कोणती हवी?

विद्यार्थी मित्रांनो, आपणांपैकीं कोणीही उद्यां प्रश्नकर्ता होईल व कोणीही उत्तर देणारा होईल. विचारावयाचें असेल तर रेल्वेच्या डब्यांतील टिळकांप्रमाणें विचारा. म्हणजे दिलेलें उत्तर घरीं नेऊन प्रामाणिकपणें तपासून पाहा. सांगावयाचें असेल तर जें स्वतः पडताळून पाहिलें तेवढेंच सांगा, ऐकणाऱ्याच्या भाषेंत सांगा, आणि तो आपला झाला नाहीं तरी त्याच्याशीं मैत्री तशीच ठेवा. पालकांसही एक विनंति आहे. मुलानें मित्राच्या धर्माविषयीं घरीं येऊन कांहीं विचारलें, तर त्यास दटावूं नये. प्रश्न मनांत कोंडून ठेवणाऱ्या घरांपेक्षां प्रश्न बोलून दाखविणारीं घरें अधिक सुखी असतात, ही गोष्ट टिळक पतिपत्नींनीं फार मोठी किंमत देऊन शिकली. आपणांस ती त्यांच्या चरित्रांतून फुकट मिळत आहे. ती घेण्यांत आपण कसूर करूं नये.