मार्कोनी : पल्ला आणि भरवसा

एखादी अद्भुत गोष्ट एकदा करून दाखविणे निराळे आणि तीच गोष्ट रोज, हव्या त्या वेळी, हव्या त्या ठिकाणी बिनचूक घडेल अशी व्यवस्था लावून देणे निराळे. पहिलीने टाळ्या मिळतात. दुसरीने माणसांचे प्राण वाचतात. गूल्येल्मो मार्कोनी यांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेच असेल. परंतु त्यांनी नेमके काय केले, असे विचारले असता रेडिओचा शोध लावला, एवढेच उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर अपुरे आहे, आणि एका अर्थी अन्यायाचेही आहे. कारण या कार्यास अनेकांचे हात लागले होते. सबब या कर्तबगार पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटली देशातील बोलोन्या शहरी झाला. वडील ज्युझेप्पे हे सधन जमीनदार. मातोश्री ॲनी या मूळच्या आयर्लंडमधील. मुलाचे शिक्षण बरेचसे घरीच झाले व विश्वविद्यालयात त्यास रीतसर प्रवेश मिळाला नाही. तथापि बोलोन्या येथील प्राध्यापक ऑगुस्तो रीगी हे त्यांचे शेजारी होते, आणि त्यांच्या कृपेने या तरुणास प्रयोगशाळेत व ग्रंथालयात जाता येऊ लागले. हाइन्रिख हर्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञाने विद्युच्चुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले होते. १८९४ साली हर्ट्‌झ अकाली निवर्तले. त्यांच्या कार्यासंबंधी रीगी यांनी लिहिलेला लेख वाचीत असता वीस वर्षांच्या मार्कोनी यांच्या मनात विचार आला की, या लहरींवर स्वार होऊन तारायंत्राचा निरोप तारेवाचून का जाऊ नये?

पोंतेक्यो येथील वडिलार्जित वाड्याच्या माळ्यावर प्रयोगास आरंभ झाला. एका टोकास ठिणगी पाडावयाची. दुसऱ्या टोकास धातूचा कीस भरलेली काचेची नळी ठेवावयाची. लहर येताच कीस एकमेकांस चिकटून विजेस वाट मिळे व घंटा वाजे. ही साधने बहुतांशी इतरांनी शोधलेली होती. मार्कोनी यांनी ती अधिक नाजूक व अधिक खात्रीची केली. माळ्यावर घंटा वाजली, पण दूर अंतरावर ती वाजेना.

१८९५ साली हा प्रश्न सुटला तो एका साध्या युक्तीने. मार्कोनी यांनी यंत्राचे एक टोक उंच खांबावर नेले व दुसरे जमिनीत पुरले. खांब जसजसा उंच होई, तसतसा पल्ला वाढे. अखेरीस थोरले बंधू आल्फोन्सो ग्राहक यंत्र घेऊन टेकडीच्या पलीकडे गेले आणि संदेश पोहोचताच त्यांनी बंदुकीचा बार काढला. अंतर सुमारे दोन किलोमीटर होते आणि मध्ये टेकडी होती. जी लहर तोपर्यंत खोलीभर जात असे ती आता दृष्टीच्या आड गेली.

याच १८९५ साली आपल्या देशात, कलकत्त्यास, आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी टाउन हॉलमध्ये प्रयोग करून दाखविला. त्यांनी अतिशय आखूड लहरी भिंतींतून पार नेल्या, दूरच्या खोलीतील घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. बसूंस धनाची अथवा एकाधिकाराची हाव नव्हती. त्यांचे लक्ष निसर्गाचे नियम जाणण्याकडे होते. मार्कोनी यांनी पुढे अटलांटिकच्या प्रयोगात वापरलेल्या ग्राहकात व बसूंनी १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या पाऱ्याच्या ग्राहकात जवळचे नाते असल्याचे संशोधकांनी दाखविले आहे. थोरांची चरित्रे वाचताना एकाच्या डोक्यावर सारा मुकुट चढवू नये, एवढे येथे ध्यानात ठेवावे.

१८९६ साली मार्कोनी मातेसह इंग्लंडास गेले. तेथील टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्यांस आश्रय दिला. मे १८९७ मध्ये ब्रिस्टल खाडीवरून, मार्च १८९९ मध्ये इंग्लिश खाडीवरून संदेश गेले. आता निराळीच अडचण उभी राहिली. दोन यंत्रे एकाच वेळी बोलू लागली की कोणाचेच बोलणे समजेना. आठवडे बाजारात चार व्यापारी एकदम ओरडू लागले म्हणजे जसे होते तसेच. यावर उपाय असा की, प्रत्येक जोडीने स्वतःचा सूर ठरवून घ्यावा व ग्राहकाने तेवढाच सूर ऐकावा. सर ऑलिव्हर लॉज यांनी ही दिशा पूर्वीच दाखविली होती. मार्कोनी यांनी १९०० साली आपले ७७७७ क्रमांकाचे प्रसिद्ध एकस्व घेऊन ती व्यवहारात आणिली.

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधील सिग्नल हिल या टेकडीवर, सोसाट्याच्या वाऱ्यात, पतंगास बांधलेल्या तारेच्या साहाय्याने मार्कोनी यांनी इंग्लंडच्या पोल्ढू येथून आलेले तीन ठिपके ऐकिले. अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. साऱ्या जगात डंका वाजला. पण साक्षीला एक मदतनीस सोडून कोणी नव्हते व कागदावर काही उमटले नव्हते. ते ठिपके खरोखर आले की वादळी हवेतील खरखर तशी भासली, याविषयी जाणत्यांत आजही मतभेद आहे.

मार्कोनी यांचा खरा मोठेपणा आम्हांस यापुढील वागण्यात दिसतो. शंका घेणाऱ्यांशी ते केवळ वाद घालीत बसले नाहीत. फेब्रुवारी १९०२ मध्ये ते फिलाडेल्फिया या जहाजातून पश्चिमेस निघाले, आणि रोज किती अंतरावर संदेश पोहोचतो हे कागदाच्या पट्टीवर उमटवीत गेले. कप्तानाची साक्ष घेतली. तेव्हा नवीनच गोष्ट उघडकीस आली : रात्री अडीच हजार किलोमीटरांपर्यंत पोहोचणारा संदेश दिवसा सुमारे अकराशे किलोमीटरांतच विरून जाई. सूर्यप्रकाशाने वरच्या वातावरणातील एका थरात फेरफार होतो व लहरींचा मार्ग बदलतो, हे त्याचे कारण पुढे उलगडले. केनेली व हेव्हिसाइड यांनी १९०२ मध्ये त्या थराचे अनुमान केले आणि ॲपल्टन यांनी १९२४ मध्ये त्याचे अस्तित्व सिद्ध केले. आपल्या यंत्राचा दोष स्वतः शोधून तो मांडण्यास धैर्य लागते. जेथे पल्ल्याची बढाई संपते तेथून भरवशाचा अभ्यास सुरू होतो.

उणिवा त्यांच्या ठायी होत्या. जून १९०३ मध्ये लंडन येथील एका व्याख्यानप्रसंगी नेव्हिल मॅस्किलिन नावाच्या जादूगाराने जवळून लहरी सोडून मार्कोनी यांच्या ग्राहक यंत्रात थट्टेचे शब्द घुसविले. सूर जुळविला की परक्यास कडी उघडता येणार नाही, हा दावा त्या दिवशी फोल ठरला. दुसरे असे की, मार्कोनी यांच्या कंपनीचे तारायंत्री इतर बनावटीच्या यंत्रांशी संदेशांची देवघेव करीत नसत. समुद्रावर संकटात सापडलेल्याने प्रथम यंत्र कोणत्या कंपनीचे हे विचारावे काय? अखेर १९०६ साली बर्लिन येथे राष्ट्रांनी एकत्र बसून असा करार केला की, किनाऱ्यावरील ठाण्यांनी सर्व जहाजांचे संदेश घ्यावेत. एस-ओ-एस ही संकटाची खूणही तेथेच ठरली.

१९०९ साली जानेवारीत रिपब्लिक नावाचे जहाज धुक्यात टकरीने फुटले, आणि बिनतारी हाकेमुळे सुमारे पंधराशे माणसांचे प्राण वाचले. त्याच वर्षी मार्कोनी यांस जर्मनीच्या कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्यासमवेत पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तीन वर्षांनी कसोटीची रात्र आली. १४ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळले. त्यावरील तारायंत्री जॅक फिलिप्स व हॅरल्ड ब्राइड यांनी हाक दिली. सुमारे नव्वद किलोमीटरांवरील कार्पेथिया जहाजाचा एकुलता एक तारायंत्री हॅरल्ड कॉटम झोपण्याच्या तयारीत होता. पण कानांवरचे यंत्र अजून उतरविले नव्हते, म्हणून त्याने ती ऐकिली. कार्पेथियाने बर्फातून धाव घेतली व सुमारे सातशे माणसे वाचविली. तिच्याहून पुष्कळ जवळ कॅलिफोर्नियन नावाचे जहाज उभे होते. त्यावरही यंत्र होते, पण ते चालविणारा दिवसभराचे काम आटोपून झोपी गेला होता. सुमारे पंधराशे जीव त्या रात्री बुडाले. फिलिप्स शेवटपर्यंत आपल्या कामावर राहिले व परत आले नाहीत.

विद्यार्थिमित्रहो, येथे क्षणभर थांबा. लहर पोहोचली होती. पल्ल्याचा प्रश्नच नव्हता. उणीव होती ती जागत्या कानाची. आपले होटगी हे रेल्वेचे जंक्शन. येथे रुळांचा सांधा रात्री कोणी बदलला नाही, तर इंजिन कितीही जोरकस असून काय उपयोग? या दुर्घटनेनंतर त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला व १९१४ साली लंडन येथे राष्ट्रांचा करार होऊन मोठ्या जहाजांवर अहोरात्र ऐकणारा माणूस ठेवण्याचे ठरले. यंत्राची अर्धी सुधारणा माणसाच्या व्यवस्थेत असते, ती अशी.

१९१२ सालच्याच सप्टेंबरात मोटारीच्या अपघातात मार्कोनी यांचा उजवा डोळा गेला. तरी त्यांचे काम थांबले नाही. आता वय पन्नाशीकडे झुकले होते आणि त्यांनीच रूढ केलेली पद्धत जगभर चालू होती : लहर जितकी लांब व शक्ती जितकी प्रचंड, तितका पल्ला अधिक. ही आपलीच समजूत पुन्हा तपासावी असे त्यांस वाटले. सहकारी चार्ल्स फ्रँक्लिन यांच्या मदतीने त्यांनी आखूड लहरी हाती घेतल्या. १९२३ साली एलेत्रा या आपल्या नौकेतून ते पोल्ढूपासून दूर दूर जात केप व्हर्द बेटांपर्यंत गेले. शंभर मीटरांहूनही आखूड लहर, थोड्या शक्तीवर, एका दिशेस वळविली असता, अवाढव्य ठाण्यांपेक्षा स्पष्ट ऐकू येते असे आढळले. सर्व दिशांस ओरडण्याऐवजी ज्याच्याशी बोलावयाचे त्याच्याकडे तोंड करून बोलावे, असा हा प्रकार होता.

या सुधारणेचा एक टोक आपल्या लोहमार्गावर होता, हे वाचून होटगीच्या वाचकांस नवल वाटेल. इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यामधील बिनतारी संदेशवहन या पद्धतीने १९२७ साली सुरू झाले. त्याचे प्रेषक ठाणे पुण्याजवळ खडकीस व ग्राहक ठाणे दौंडास उभारले होते. होटगीहून पुण्यास जाणारी गाडी सोलापूर व कुर्डुवाडी मागे टाकून ज्या दौंडास थांबते, तेच हे गाव. बोलणारे यंत्र व ऐकणारे यंत्र असे कोसांच्या अंतराने ठेवण्याचे कारण हेच की, आपल्याच गलबल्यात दूरची क्षीण हाक बुडून जाऊ नये.

अखेरच्या काळात मार्कोनी यांनी त्याहूनही आखूड लहरींवर प्रयोग केले. परंतु त्यांच्या कीर्तीस डागही याच काळात लागला. १९२३ साली ते मुसोलिनीच्या फासिस्ट पक्षात सामील झाले आणि त्या राजवटीकडून मानाची पदे स्वीकारली. लोकांस एकमेकांशी बोलते करणाऱ्याने लोकांची तोंडे बंद करणाऱ्यांच्या पंगतीस बसावे, याचे दुःख वाटते, व ते लपविणे आम्हांस उचित वाटत नाही. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या सन्मानार्थ इंग्लंडातील बिनतारी केंद्रे दोन मिनिटे स्तब्ध राहिली.

आज त्या लहरी घराघरांत आल्या आहेत. कित्येक घरी दिवे, पंखे, दारावरची घंटा, टाकीचा पंप अशी साधने तारेवाचून एकमेकांशी बोलतात, आणि ती मध्येच मुकी होतात अशी पालकांची तक्रार आमच्या कानी येते. नियम मात्र मार्कोनी यांच्या वेळचेच आहेत. राउटर लोखंडी कपाटात अथवा कोपऱ्यात जमिनीवर ठेवू नये. घराच्या मध्यभागी, उंचावर व मोकळा ठेवावा. आपल्याकडील धाब्याच्या घरांच्या दगडामातीच्या जाड भिंती लहरींस पुष्कळ अडवितात. अशा भिंतींतून २.४ गिगाहर्ट्‌झची लहर ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरीपेक्षा दूर पोहोचते; मात्र तिच्यावर शेजाऱ्यांची गर्दी असते व मायक्रोवेव्ह भट्टीचाही त्रास होतो, म्हणून मोकळा सूर निवडावा. अंतर फार असल्यास शक्ती वाढविण्यापेक्षा मध्ये एखादे साधन ठेवावे, म्हणजे ते निरोप पुढे देईल. एकमेकांची भाषा समजणारी साधने घ्यावीत. परवलीचा शब्द भक्कम असावा. मॅस्किलिनचे वंशज अद्याप आहेत. आणि पंप अथवा दार यांसारख्या गोष्टींस हाताने चालणारी कळ अवश्य ठेवावी.

मार्कोनी यांस मोठी पदवी नव्हती, आणि साधने बहुतेक दुसऱ्यांची होती. पण कोठे अडते ते मोजून पाहणे, आढळेल ते लिहून ठेवणे आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरही स्वतःचे मत बदलण्यास तयार असणे, हे गुण त्यांचे स्वतःचे होते. आमच्या विद्यार्थ्यांनी त्यांची कीर्ती पाहून भुलू नये. त्यांची ती मोजमापाची वही डोळ्यांपुढे ठेवावी. आणि टायटॅनिकच्या रात्री जागा राहिलेला तो एक कान विसरू नये. घरात असो, शाळेत असो वा पुढे नोकरीत असो, आपल्याकडे आलेली हाक ऐकण्यासाठी जागे राहणे हे काम कोणतेही यंत्र आपल्या वतीने पूर्णपणे करू शकत नाही.