थोर कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. लहानपणी त्यांचे मन पुस्तकात कमी रमायचे. चित्रे काढणे आणि यंत्रे बघणे त्यांना फार आवडे.

१८८५ साली ते चित्रकला शिकायला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं मोठी अडचण आली. त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत असे कळले. रंगच कळेना तर चित्रकार कसे होणार? दुसरा कोणी रडत घरी आला असता. पण लक्ष्मणरावांना रेघ छान जमायची. यंत्राच्या चित्राला रंग लागत नाही, माप लागते. म्हणून ते यंत्रांची चित्रे काढायला शिकले. त्यात ते इतके हुशार झाले की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली.

पुढे त्यांची बढती दुसऱ्याला दिली. तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. भाऊ रामूअण्णा यांच्याबरोबर त्यांचे बेळगावला सायकलींचे दुकान होते. तिथं त्यांनी कडबा कापायचे यंत्र बनवले, मग लोखंडी नांगर बनवला. पण नांगर कोणी घेईना! लोखंडानं जमिनीत विष भिनते असे शेतकऱ्यांना वाटायचे. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली. तरी त्यांनी काम सोडले नाही, कारण आपला नांगर चांगला आहे हे त्यांना माहीत होते.

नंतर बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या राजांनी जमीन आणि १०,००० रुपये कर्ज दिले. तिथं नुसते निवडुंग आणि साप होते. १९१० साली तिथं कारखाना आणि गाव वसले. तेच किर्लोस्करवाडी. ते आता सांगली जिल्ह्यात आहे.

लक्ष्मणराव दुसऱ्याचे गुण पण ओळखायचे. ज्यांच्या नावावर आधी गुन्हे होते अशा माणसांना त्यांनी राखणदार केले. त्यांनी इमानदारीनं राखण केली.

ही गोष्ट मला आमच्या गुरुजींनी वाचायला दिली. मला पण लाल आणि हिरवा रंग नीट ओळखू येत नाही. वावरात मिरची तोडायला गेलो की पिकलेली अन् कच्ची मला सारखीच दिसते. पोरं हसतात. मग मी मिरची तोडायला जातच नव्हतो. पण कोणाच्या सायकलची चेन पडली की पोरं मलाच हाक मारतात. मायच्या शिलाई मशीनचा पट्टा मीच बसवतो. हे पण एक येणेच आहे, हे मला लक्ष्मणरावांमुळे समजले.

आता आमच्याकडे ट्रॅक्टरनं नांगरतात. पण आबाजीचा लोखंडी नांगर अजून गोठ्यात आहे. खाली लावलेले चित्र त्याचेच आहे. त्यात रंग नाही, पण सगळी मापे मी पट्टीनं घेतली आहेत.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. मित्रांनो, आपल्याला काय येत नाही ते लोक लगेच सांगतात. काय येते ते आपण शोधावे आणि सांगायला लाजू नये. अशा या थोर पुरुषाला माझा नमस्कार.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी